स्नॅपशॉट दुसऱ्या सर्व्हरवर रिस्टोअर होतो का? काय लागतं आणि कुठे अडतं

प्रश्न विचारणाऱ्यांनी माहिती नीट दिलीये म्हणून सविस्तरच लिहितो. दापोलीतली एक पतसंस्था आहे, तिथले कॉम्प्युटर हे गृहस्थ बघतात. जुन्या सर्व्हरवर एसक्यूएल सर्व्हर २०१७ स्टँडर्ड, डेटाबेसची फाइल ३८ जीबीची. रोज रात्री स्क्रिप्टने डेटाबेस स्नॅपशॉट, म्हणजे डेटाबेस त्या क्षणी जसा होता तसं रूप, घेतला जातो आणि शेवटचे सात ठेवलेले असतात. मोबाइल ॲपचा डेटा वेगळा, तो ॲमेझॉनच्या मुंबई रीजनमध्ये आरडीएसवर (ॲमेझॉनची डेटाबेस सेवा), पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये. आता जुनी मशीन अधूनमधून आपोआप बंद पडायला लागलीये, पावसाळा तोंडावर आहे, रत्नागिरीच्या हेड ऑफिसात नवा सर्व्हर आलाय आणि त्याच्यावर एसक्यूएल सर्व्हर २०२२ एक्स्प्रेस टाकलंय. तर कालचा स्नॅपशॉट उचलून नव्या सर्व्हरवर रिस्टोअर करायला काय काय लागेल, हा प्रश्न.

सरळ सांगतो, नाही होणार. ते सातही स्नॅपशॉट नव्या सर्व्हरवर कधीच उभे राहणार नाहीत, आणि त्याहून काळजीची गोष्ट म्हणजे तुमच्या लिहिण्यावरून तरी तुमच्याकडे आज एकही बॅकअप दिसत नाहीये. त्यामुळे आज संध्याकाळी डे-एंड झाला की पहिलं काम एकच करा, एक फुल बॅकअप, चेकसम (फाइल बिघडली का ते कळायचा पडताळा) ऑप्शन लावून, बाहेरच्या हार्डडिस्कवर. तो झाला की मग निवांत बसून पुढचं वाचा.

आता का होणार नाही ते. स्नॅपशॉट घेतला त्या क्षणी एसक्यूएल सर्व्हर डेटाची कॉपी करतच नाही, म्हणून तर तो दोन सेकंदात होतो. तो फक्त एक रिकामी स्पार्स फाइल, म्हणजे लागेल तेवढीच डिस्क खाणारी, तयार करतो. मग दुसऱ्या दिवशी सकाळी पिग्मी एजंट येतो, एखाद्या खात्यात १२,४०० च्या जागी १२,६०० होतात, तर ते खातं ज्या ८ केबीच्या पेजमध्ये आहे ते पेज बदलण्याआधी जुन्या रूपात स्नॅपशॉटच्या फाइलमध्ये टाकलं जातं. जी पेजेस बदललीच नाहीत ती स्नॅपशॉटमध्ये नसतातच, स्नॅपशॉट वाचताना ती मूळ डेटाबेसमधून उचलली जातात. म्हणजे आंब्यावरचं बांडगूळ जसं झाडाच्या जिवावर जगतं तसं हे, झाड गेलं की तेही गेलं, आणि काढून दुसऱ्या आवारात लावता येत नाही.

हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर स्नॅपशॉटच्या फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. 'साइझ' समोर ३८ जीबी दिसेल आणि त्याच्याच खाली 'साइझ ऑन डिस्क' समोर काहीशे एमबी. वरचा आकडा बघून बरेच जण समजतात की पूर्ण डेटा आहे. सर्व्हिस चालू असताना ती फाइल कॉपी होत नाही, लॉक असते, पण सर्व्हिस बंद करून कोणी ती पेनड्राइव्हवर घेतली तर ती फुगून खरोखर ३८ जीबीची होते, त्यातला बहुतेक भाग नुसती शून्यं. अशा फुगलेल्या फायली 'बॅकअप' असं नाव घातलेल्या फोल्डरमध्ये नीट तारखेनिशी ठेवलेल्या मी बघितल्यात, वर्षभराच्या, आणि त्यातून एक ओळही परत मिळत नाही.

मायक्रोसॉफ्टच्या अटी याच्यातूनच येतात. स्नॅपशॉट मूळ डेटाबेसच्या त्याच इन्स्टन्सवर, म्हणजे एसक्यूएल सर्व्हरच्या त्याच इन्स्टॉलेशनवर, असावा लागतो. त्याचा बॅकअप घेता येत नाही, तो अटॅच-डिटॅच होत नाही. मास्टर, मॉडेल आणि टेम्पडीबी या सर्व्हरच्या स्वतःच्या डेटाबेसांचा स्नॅपशॉट घेता येत नाही. स्नॅपशॉट आहेत तोवर मूळ डेटाबेस ड्रॉप करता येत नाही, डिटॅच करता येत नाही, त्याच्यावर बॅकअप रिस्टोअरही करता येत नाही. ही शेवटची गोष्ट ऐन गडबडीत लोकांना नडते, बॅकअप हातात असतो, कमांड मारली की एरर येते आणि कारण काय तर कुठेतरी एक जुना स्नॅपशॉट पडून आहे. स्नॅपशॉटची फाइल ज्या डिस्कवर आहे ती भरली की स्नॅपशॉट सस्पेक्ट, म्हणजे निकामी, होतो आणि मग त्याला डिलीट करण्यापलीकडे इलाज नाही. मूळ डेटाबेस चालू राहतो, एवढंच समाधान. इंडेक्स रिबिल्डच्या रात्री हे हमखास होतं कारण त्या रात्री पेजेस प्रचंड बदलतात. आणि तुम्ही सात ठेवलेत म्हणजे एखादं पेज पहिल्यांदा बदलताना जुनी प्रत लिहायचं जादा काम डिस्कच्या माथी आहेच, जुन्या मशीनच्या डिस्कला ते जड जात असणार.

मग स्नॅपशॉटचा उपयोग काय? आहे, आणि चांगला आहे, फक्त त्याच सर्व्हरवर. ३१ मार्चची व्याज आकारणी चालवण्याआधी एक स्नॅपशॉट घ्यायचा, आकारणी चुकीच्या दराने लागली तर डेटाबेस पुन्हा त्या क्षणाला न्यायचा, ज्याला रिव्हर्ट म्हणतात. यासाठी २०१६ च्या सर्व्हिस पॅक १ पर्यंत एंटरप्राइझ एडिशन लागायची, आता स्टँडर्ड आणि एक्स्प्रेसवरही चालतं. पण रिव्हर्टच्याही अटी आहेत त्या आधी माहीत पाहिजेत. त्या डेटाबेसचा एकच स्नॅपशॉट शिल्लक असावा लागतो, म्हणजे तुम्हाला मंगळवारच्या स्नॅपशॉटवर जायचं तर बाकीचे सहा आधी ड्रॉप करावे लागतील, आणि नंतर कळलं की सोमवारचा हवा होता तर तो गेला. म्हणून ड्रॉप करण्याआधी प्रत्येक स्नॅपशॉट उघडून, दोन-चार खात्यांची शिल्लक सिलेक्ट मारून बघून, हाच तो, याची खात्री करायची. डेटाबेसमध्ये रीड-ओन्ली किंवा कॉम्प्रेस केलेला फाइलग्रुप असेल तर रिव्हर्ट होत नाही. फाइलस्ट्रीम वापरत असाल, म्हणजे सभासदांचे फोटो-सह्या काही सॉफ्टवेअर तशा ठेवतात, तरीही नाही. फुल-टेक्स्ट कॅटलॉग (मजकुरात शब्द शोधायच्या याद्या) असतील तर ते उडतात आणि नंतर नव्याने बनवावे लागतात. रिव्हर्ट चालू असताना मूळ डेटाबेस आणि स्नॅपशॉट दोन्ही बंद, त्यामुळे काउंटर चालू ठेवून हे करता येत नाही.

सगळ्यात मोठी गोष्ट लॉगची. रिव्हर्टमध्ये ट्रान्झॅक्शन लॉग, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी फाइल, नव्याने बनतो, लॉग बॅकअपची साखळी तिथेच तुटते. म्हणून रिव्हर्टच्या आधी एक लॉग बॅकअप घ्यायचा, आणि रिव्हर्टनंतर लगेच फुल बॅकअप, नाहीतर पुढचे लॉग बॅकअप होणारच नाहीत. शिवाय स्नॅपशॉटनंतर झालेली प्रत्येक एंट्री पुसली जाते, चुकलेल्या व्याजाबरोबर सकाळपासूनच्या खऱ्या पावत्याही जातात. म्हणून माझं स्वतःचं मत असं की शंभरातल्या नव्वद वेळा रिव्हर्ट करूच नये, स्नॅपशॉट उघडा ठेवून फक्त बिघडलेल्या टेबलातल्या त्या ओळी तिथून वाचून परत जागेवर घालाव्यात, ट्रिगर आणि फॉरेन कीकडे लक्ष ठेवून. काम जरा किचकट आहे, पण दिवसभराचा जमाखर्च वाचतो. आणि डेटाबेसच करप्ट झाला असेल तर स्नॅपशॉटकडे वळूनही बघू नका, न बदललेली पेजेस तो त्याच करप्ट फाइलमधून वाचणार, तिथे बॅकअपच लागतो.

म्हणजे नव्या सर्व्हरकडे जायचा रस्ता बॅकअपचा. आता त्यात तुमच्या बाबतीत कुठे अडेल ते सांगतो, कारण अडणार नक्की आहे.

पहिलं एक्स्प्रेस. २०२२ एक्स्प्रेसवर एका डेटाबेसच्या डेटा फायली मिळून १० जीबीची मर्यादा आहे, लॉग त्यात धरत नाहीत. तुमची फाइल ३८ जीबीची, त्यामुळे रिस्टोअर सुरुवातीलाच लायसन्सची मर्यादा ओलांडते अशी एरर देऊन थांबेल. एक बघा मात्र, ही मोजणी फाइलच्या आकाराची आहे, आतल्या डेटाची नाही. कधीकधी फाइल ३८ ची असते आणि आत खरा डेटा सात-आठच जीबी असतो, बाकी जुने ऑडिट लॉग डिलीट केल्यावर मोकळी झालेली जागा. तसं असेल तर जुन्या सर्व्हरवर फाइल श्रिंक (लहान) करून, इंडेक्स नीट करून, फाइल पुन्हा १० च्या आतच आहे ना ते बघून मग बॅकअप घ्यायचा. नसेल तर स्टँडर्डचं लायसन्स घ्या. २०२५ च्या एक्स्प्रेसमध्ये ही मर्यादा ५० जीबी झालीये, पण तुमचं बँकिंग सॉफ्टवेअर त्या व्हर्जनवर चालतं असं सॉफ्टवेअरवाल्याने लेखी दिल्याशिवाय तिकडे जाऊ नका. आणि जागा पुरली तरी एक्स्प्रेसमध्ये एसक्यूएल एजंट नसतो, म्हणजे रात्रीचे जॉब चालणार नाहीत, ते विंडोजच्या टास्क शेड्युलरवर टाकावे लागतील. मेमरीही २०२२ पर्यंतच्या एक्स्प्रेसमध्ये बफरला (डेटा मेमरीत ठेवायच्या जागेला) १,४१० एमबीच मिळते, सर्व्हरमध्ये ६४ जीबी रॅम घातलीत तरी. सगळ्या शाखा एकदम लॉगिन झाल्या की हे जाणवतं. माझं ऐकाल तर संस्थेच्या मुख्य डेटाबेससाठी स्टँडर्डच घ्या, संचालक मंडळाला खर्च पटवायला लागला तरी.

दुसरं व्हर्जन. २०१७ चा बॅकअप २०२२ वर चढतो, अडचण नाही. उलटं कधीच होत नाही. एकदा २०२२ वर डेटाबेस उघडला की तो आतून अपग्रेड होतो आणि तिथला बॅकअप २०१७ वर परत जाणार नाही, कम्पॅटिबिलिटी लेव्हल जुनी ठेवलीत तरीही नाही. लेव्हल म्हणजे क्वेऱ्या कशा चालायच्या एवढंच, फाइलचा साचा त्याने बदलत नाही. 'नाही जमलं तर सोमवारी परत जुन्यावर' हा प्लॅन असेल तर तो फक्त सोमवारी नव्यावर एकही एंट्री पडली नसेल तरच खरा, हे मॅनेजरसाहेबांना आधी सांगून ठेवा.

एडिशनचा एक वेगळाच फटका आहे. काही सोयी फक्त एंटरप्राइझमध्ये होत्या, जसं २०१६ सर्व्हिस पॅक १ च्या आधी टेबल कॉम्प्रेशन. असा डेटाबेस खालच्या एडिशनवर रिस्टोअर केला की तो सुरुवातीला काही बोलत नाही. टक्के वाढत जातात, दहा, वीस, पन्नास, शंभर, आणि पूर्ण फाइल लिहून झाल्यावर शेवटी डेटाबेस सुरू करताना सांगतो की या एडिशनवर हे चालत नाही. वेंगुर्ल्याकडच्या एका काजू फॅक्टरीत रात्रभर वाट बघून पहाटे हेच झालं होतं, लोक बिचारे जागे बसलेले. जुन्या सर्व्हरवर पर्सिस्टेड एसकेयू फीचर्सचा सिस्टीम व्ह्यू एकदा बघितला असता तर एका मिनिटात कळलं असतं, त्यात एडिशनला बांधलेल्या गोष्टींची यादी येते. तुमचं स्टँडर्ड आहे, तरी बघा.

तिसरं जागा. बॅकअपची फाइल कॉम्प्रेस होऊन ९ जीबीची असेल, म्हणून नव्या सर्व्हरवर ९ जीबी पुरत नाहीत. रिस्टोअर करताना डेटा आणि लॉग दोन्ही फायली बॅकअपच्या वेळी होत्या तेवढ्याच आकाराच्या तयार होतात, आतून रिकाम्या असल्या तरी. फाइललिस्टओन्ली कमांड बॅकअपवर चालवली की फायलींची नावं, जुने पाथ आणि आकार दिसतो. इथे बऱ्याचदा धक्का बसतो, डेटा ३८ जीबी आणि लॉग ९० जीबी, कारण फुल रिकव्हरी मॉडेल आहे, ज्यात लॉग बॅकअप घेईपर्यंत लॉग साठतच राहतो, आणि लॉग बॅकअप कोणी कधी घेतलाच नाही. आणि लॉगची ही ९० जीबी जागा शून्यांनी भरत बसावी लागते, डेटा फाइलला इन्स्टंट इनिशियलायझेशनची (शून्यं न भरता जागा घ्यायची) सवलत मिळते तशी रिस्टोअरच्या वेळी लॉगला मिळत नाही, म्हणून रिस्टोअर शून्य टक्क्यावर अडकल्यासारखा दिसतो. अडकलेला नसतो, कॅन्सल करू नका. आधीच लॉग बॅकअप घेऊन लॉग फाइल लहान केली असेल तर हा वेळ वाचतो.

जुन्या सर्व्हरवर ई ड्राइव्ह असतो, नव्यावर नसतो, तेव्हा मूव्ह ऑप्शन देऊन प्रत्येक फाइल कुठे ठेवायची ते सांगायचं. बॅकअपची फाइल वाचायची परवानगी तुमच्या विंडोज युजरला असून भागत नाही, एसक्यूएल सर्व्हरची सर्व्हिस ज्या अकाउंटवर चालते त्याला लागते. म्हणून डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल 'ॲक्सेस डिनाइड' देते. मॅप केलेला झेड ड्राइव्हही सर्व्हिसला सहसा दिसत नाही, नेटवर्कवरून करायचं तर शेअरचा पूर्ण पाथ द्या. त्यातल्या त्यात सोपं म्हणजे फाइल नव्या सर्व्हरच्या लोकल डिस्कवर आणून मग रिस्टोअर.

आणायची कशी, हाही आपल्याकडे प्रश्नच आहे. समजा ४० जीबी फाइल आणि शाखेचा अपलोड १० एमबीपीएस, तर सगळं सुरळीत चाललं तरी नऊ तास लागतात, आणि पहिल्या पावसात फायबर किंवा लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. त्यापेक्षा बाहेरच्या हार्डडिस्कवर घेऊन माणूस पाठवा. पण त्या डिस्कवर हजारो सभासदांचे पत्ते, आधार, ठेवी असतात, एसटीत राहिली तर काय? बिटलॉकर लावा किंवा बॅकअप एन्क्रिप्ट करून घ्या, ती सोय २०१४ पासून स्टँडर्डमध्ये आहे. एन्क्रिप्ट केलात तर सर्टिफिकेट आणि त्याची प्रायव्हेट की यांचा वेगळा बॅकअप घेऊन, वेगळ्या रस्त्याने, नव्या सर्व्हरवर आधी बसवावी लागते. तीच गोष्ट टीडीई (पूर्ण डेटाबेस एन्क्रिप्ट ठेवायची सोय) चालू असेल तर. सर्टिफिकेट नसेल तर थंबप्रिंट सापडत नाही अशी एरर येते आणि मग तो बॅकअप कायमचा बंद, त्याला मागचा दरवाजा नाही.

वेळ वाचवायची एक रीत सांगतो जी मी इथल्या संस्थांना नेहमी सुचवतो. शुक्रवारी रात्री फुल बॅकअप घ्या, डिस्क शनिवारी रत्नागिरीला पोचवा आणि नव्या सर्व्हरवर नोरिकव्हरीमध्ये (डेटाबेस न उघडता, पुढचे बॅकअप चढवता येतील असा) रिस्टोअर करून ठेवा, डेटाबेस 'रिस्टोअरिंग' दिसत राहील, तसाच राहू द्या. शनिवारी संध्याकाळी डे-एंडनंतर सगळे युजर बाहेर काढून डिफरेन्शियल बॅकअप (फुलनंतर जे बदललं तेवढंच) घ्या, तो लहान असतो, नेटवरूनही जाईल. मग जुन्या सर्व्हरवर लॉगचा शेवटचा बॅकअप नोरिकव्हरी देऊन घ्या, त्याने जुना डेटाबेस बंदच होतो आणि चुकून कोणी शाखेतून त्याच्यावर पावती फाडू शकत नाही. हे दोन्ही नव्यावर क्रमाने लावा, शेवटच्याला रिकव्हरी. डेटाबेस सिंपल मॉडेलमध्ये असेल तर लॉगचा भाग नाही, पण मग युजर बाहेर काढून डेटाबेस रीड-ओन्ली करूनच डिफरेन्शियल घ्या. मधल्या दिवसात दुसऱ्या कोणी फुल बॅकअप घेतला तर तुमचा डिफरेन्शियल जुन्या फुलवर बसणार नाही, म्हणून त्या दोन दिवसांत जर घ्यायचाच असेल तर कॉपी-ओन्ली, म्हणजे डिफरेन्शियलचा आधार न बदलणारा, घ्या.

रिस्टोअर झाला म्हणजे संपलं नाही. डेटाबेसच्या बाहेर राहणाऱ्या गोष्टी बॅकअपमध्ये येत नाहीत. लॉगिन मास्टरमध्ये असतात, जॉब एमएसडीबी या दुसऱ्या सिस्टीम डेटाबेसमध्ये, लिंक्ड सर्व्हर आणि मेलची सेटिंग बाहेरच. सोमवारी सकाळी शाखेतून 'लॉगिन फेल्ड' चे फोन येतात ते याच कारणाने. नव्या सर्व्हरवर त्याच नावाचं लॉगिन बनवलं तरी आतला एसआयडी (ओळख क्रमांक) वेगळा असतो, डेटाबेसमधला युजर अनाथ राहतो, त्याला ऑल्टर युजर कमांडने नव्या लॉगिनला जोडावं लागतं, किंवा जुन्या सर्व्हरवरून लॉगिन एसआयडी आणि पासवर्डच्या हॅशसकट स्क्रिप्ट करून आणावीत, हे जास्त चांगलं. सर्व्हरचं कोलेशन, म्हणजे अक्षरांची तुलना आणि क्रम लावायचा नियम, दोन्हीकडे सारखं आहे का तेही इन्स्टॉल करतानाच बघा. टेम्पडीबी सर्व्हरचं कोलेशन घेतो आणि डेटाबेस स्वतःचं घेऊन येतो, दोन वेगळे असले की टेम्प टेबल वापरणारे रिपोर्ट कोलेशन कॉन्फ्लिक्ट म्हणून पडतात, आणि नंतर सर्व्हरचं कोलेशन बदलणं म्हणजे मोठं काम.

तुम्ही विचारलंय की नाहीतर पूर्ण व्हर्च्युअल मशीनचाच स्नॅपशॉट घेऊन हलवू का. तोही मूळ डिस्कवरच अवलंबून असतो, हायपर-व्हीमध्ये चेकपॉइंटची (तिथे स्नॅपशॉटला हेच म्हणतात) फाइल पेरेंट डिस्कशिवाय निरुपयोगी आहे, व्हीएमवेअर तर एक स्नॅपशॉट ७२ तासांच्या वर ठेवू नका असं सांगतं. मशीन हलवायची तर एक्स्पोर्ट करा. आणि डेटाबेसवाल्या मशीनचा चेकपॉइंट प्रॉडक्शन प्रकारचाच हवा, तो व्हीएसएस या विंडोजच्या सोयीमार्फत एसक्यूएल सर्व्हरला क्षणभर थांबवून घेतला जातो. डेटा एका डिस्कवर, लॉग दुसऱ्यावर असेल तर दोन्हींचा क्षण एकच असायला हवा, दोन वेगवेगळ्या वेळचे तुकडे जोडून डेटाबेस उभा राहत नाही. महिन्याहून जुन्या चेकपॉइंटवर गेलात तर मशीन डोमेनशी बोलेनाशी होण्याची शक्यता असते कारण तिचा डोमेनमधला पासवर्ड साधारण ३० दिवसांनी बदलतो.

आता ॲमेझॉनचा भाग. आरडीएसचा स्नॅपशॉट चालू इन्स्टन्सवर रिस्टोअर होत नाही, दरवेळी नवीन इन्स्टन्स तयार होतो, नवीन एंडपॉइंटसकट, म्हणजे ॲपमधला पत्ता बदला किंवा जुन्याचं नाव बदलून नव्याला ते द्या. पॅरामीटर ग्रुप (डेटाबेसची सेटिंग) आणि सिक्युरिटी ग्रुप (कुठून कनेक्ट होऊ द्यायचं ते) स्वतः निवडले नाहीत तर डिफॉल्ट लागतात, मग 'रिस्टोअर झालं पण कनेक्ट होत नाही' असं होतं. स्टोरेज आधीपेक्षा कमी घेता येत नाही. डेटा मागून हळूहळू येत असतो म्हणून पहिले काही तास क्वेऱ्या मंद वाटतात, घाबरू नका. ऑटोमॅटिक बॅकअप जास्तीत जास्त ३५ दिवस राहतात, आणि इन्स्टन्स डिलीट करताना ठेवायला सांगितलं नाहीत तर त्याच्याबरोबर जातात. हाताने घेतलेला स्नॅपशॉट तुम्ही डिलीट करेपर्यंत राहतो.

हा स्नॅपशॉट रत्नागिरीच्या सर्व्हरवर उतरवता येईल का? नाही. एस३ (ॲमेझॉनचं फाइल स्टोरेज) वर एक्स्पोर्ट होतो पण पार्केट या विश्लेषणासाठीच्या फायलींच्या रूपात, त्यातून पोस्टग्रेस थेट उभं राहत नाही. तुमच्या सर्व्हरवर आणायचं तर पीजी-डंप (पोस्टग्रेसचं डेटा बाहेर काढायचं टूल) वापरून डंप घ्या. डंपमध्ये रोल (पोस्टग्रेसचे युजर) येत नाहीत, ते पीजी-डंपऑलने वेगळे काढा आणि आरडीएसवर सुपरयुजर नसल्याने रोलचे पासवर्ड वगळायचा ऑप्शन द्या, पासवर्ड नव्याने घाला. पोस्टजीआयएससारखं एक्स्टेन्शन असेल तर ते नव्या मशीनवर आधी बसवा. डंपचा एक फायदा असा की इंडेक्स नव्याने बनतात. कारण डेटा डिरेक्टरी जशीच्या तशी एका लिनक्सवरून दुसऱ्यावर नेली आणि मधे जीलिबसी (लिनक्सची मूळ लायब्ररी) २.२८ ची रेघ ओलांडली, म्हणजे डेबियन ९ वरून १०, किंवा रेडहॅट ७ वरून ८, तर अक्षरांचा क्रम बदलतो आणि जुने इंडेक्स चुकीचे ठरतात. एरर येत नाही, फक्त असलेलं नाव शोधून सापडत नाही, कधी युनिक इंडेक्स असूनही तेच नाव दोनदा शिरतं. सभासदांची नावं असलेल्या टेबलात हे झालं तर किती दिवसांनी लक्षात येईल सांगता येत नाही. तसं नेलंच असेल तर आधी रीइंडेक्स करा मग लोकांना आत घ्या.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस वीज नव्हती, आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा तळमजल्यावरचे कॉम्प्युटर, सर्व्हर, कपाटातल्या हार्डडिस्का सगळं एकाच पाण्यात गेलं. ज्यांचा डेटा त्याच खोलीत होता, मग तो स्नॅपशॉट असो की रीतसर बॅकअप, त्यांचं दोन्ही गेलं. म्हणून एक प्रत इमारतीच्या बाहेर, जमलं तर घाटावर, कोल्हापूर-पुण्याकडे किंवा क्लाउडवर, रोज गेलीच पाहिजे. लोकांच्या मुलीच्या लग्नाच्या ठेवी आहेत त्या.

बॅकअप घेतल्यावर व्हेरिफायओन्लीवर समाधान मानू नका, तो फाइल वाचता येते आणि चेकसम जुळतो एवढंच सांगतो. दुसऱ्या मशीनवर खरंच रिस्टोअर करून चेकडीबी (डेटाबेस आतून धड आहे का ते तपासणारी कमांड) चालवा, मग दहा खाती उघडून शिल्लक जुनीशी ताडा, ठेवींची बेरीज ट्रायल बॅलन्सशी जुळवा. नव्या सर्व्हरवर हे सगळं बरोबर आलं की स्टॅटिस्टिक्स अपडेट करा, लगेच तिथला पहिला फुल बॅकअप घ्या आणि रोजचा बॅकअप लावून दुसऱ्या दिवशी सकाळी तो झालाय का ते बघा. जुनी मशीन भंगारात देण्याआधी तिच्यावरच्या मास्टर आणि एमएसडीबीचाही बॅकअप घेऊन ठेवा, एखादा जॉब किंवा लॉगिन आणायचं राहिलं असेल तर ते तिथूनच काढता येईल, आणि यंदाचं ऑडिट होईपर्यंत तिची डिस्क कोणाला देऊ नका.